परिबल परिवर्तक, द्रवीय

एंजिनाकडून मिळणारे परिबल, म्हणजे दंड फिरविण्याचा जोर, गरजेनुसार वाढवून ते तेलाच्या प्रवाहामार्फत पुढील यंत्रणेस देणाऱ्या साधनाला द्रवीय परिबल परिवर्तक असे म्हणतात. कारागीर व वाहनधारक त्याला ‘टॉर्क कन्व्हर्टर’ या नावानेच ओळखतात. स्वयंचलित प्रेषण असलेल्या मोटारगाडीत एंजिन आणि दंतचक्रपेटी यांच्या दरम्यान, नेहमीच्या क्लचाच्या जागी, ते बसविलेले असते. त्याच्या चालक व चालित भागांमध्ये कोणताही घन दुवा नसतो. त्यामुळे गाडी थांबली तरी एंजिन बंद पडत नाही आणि गाडी निघताना धक्का बसत नाही. परंतु दोन भागांच्या वेगांत नेहमी थोडा फरक राहतो. यालाच घसर म्हणतात. घसरीमुळे काही शक्ती उष्णतेच्या रूपाने वाया जाते. सुलभता आणि अपव्यय ही दोन्ही एकाच घसरीची फळे होत. परिवर्तकाचा इतिहास हा मुख्यतः या दोहोंचा मेळ घालण्याच्या प्रयत्नांचा इतिहास आहे.

रचना व कार्य : परिवर्तकाचे तीन मुख्य घटक असतात. पंप हा बाहेरच्या कवचाला जोडलेला असून तो एंजिनाबरोबर फिरतो. टरबाइन हे दंतचक्रपेटीच्या आदान दंडावर, म्हणजे जिच्यातून शक्ती आत येते त्या दंडावर, बसविलेले असते. या दोहोंच्या मध्ये वक्र पात्यांचे तिसरे चक्र असते. त्याला स्थाणुक किंवा व्यवहारात स्टेटर म्हणतात. कवचात तेल भरलेले असते. पंप फिरू लागला की केंद्रोत्सारी प्रेरणेने तेल बाहेरच्या कडेकडे फेकले जाते आणि टरबाइनाच्या पात्यांवर आदळून त्यास फिरविते. टरबाइनातून बाहेर पडताना तेलाची दिशा उलटलेली असते. तसेच ते पंपात परतले, तर पंपाच्या गतीस विरोध होईल. स्थाणुकाची पाती हा प्रवाह वळवून पंपाच्या फिरण्याच्या दिशेने आणतात. प्रवाह वळविताना स्थाणुकावर जी प्रतिक्रिया होते ती स्थिर कवच सोसते आणि तेवढ्याच परिबलाची टरबाइनावर भर पडते. म्हणून तिसऱ्या, अचल घटकाशिवाय परिबल वाढू शकत नाही. मोटारगाडीच्या परिवर्तकात गाडी निघण्याच्या क्षणी एंजिनाचे परिबल साधारणपणे दुप्पट होते. गाडीचा वेग वाढत जातो तसतशी ही वाढ कमी होते. टरबाइनाचा वेग पंपाच्या वेगाच्या जवळ आला की परिबल वाढविण्याचे कार्य संपते.

ज्या साधनात केवळ पंप व टरबाइन असून स्थाणुक नसतो, त्याला द्रवीय युग्मक म्हणतात. युग्मक परिबल वाढवीत नाही, जेवढे मिळेल तेवढेच पुढे देतो. पुढील इतिहासात हा भेद लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

उगम : परिवर्तकाचा जन्म मोटारगाडीसाठी झाला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वाफेची टरबाइने जहाजांवर येऊ लागली. सर चार्ल्स पार्सन्झ यांच्या ‘टर्बिनिया’ या नौकेने १८९७ मध्ये ब्रिटिश नौदलाच्या संचलनप्रसंगी आपल्या वेगाने सर्वांना चकित केले. परंतु टरबाइन अतिशय वेगाने फिरले तरच ते कार्यक्षम ठरते, तर जहाजाचा मळसूत्री पंखा सावकाश फिरला तरच पाण्याला चांगला रेटा देतो. शिवाय टरबाइन उलट दिशेने फिरू शकत नसल्याने जहाज मागे घेण्यासाठी वेगळे टरबाइन ठेवावे लागे. शक्ती न गमाविता वेग कसा उतरवावयाचा, हा त्या काळातील जहाजबांधणीपुढील मोठा प्रश्न होता.

श्टेटीन (आताच्या पोलंडमधील श्चेचिन) येथील फुल्कान या जहाजबांधणी कारखान्यातील जर्मन अभियंते हेर्मान फ्यॉटिंगर (१८७७–१९४५) यांनी या प्रश्नास हात घातला. जहाजाच्या दंडाला पडणारा पीळ मोजून त्यावरून शक्ती ठरविण्याचे उपकरणही त्यांनी तयार केले होते. पंपाने पाणी दाबून नळांवाटे टरबाइनाकडे न्यावे, ही कल्पना सोपी होती. पण नळांत व वळणांत पुष्कळ शक्ती वाया जाई. फ्यॉटिंगर यांनी नळच काढून टाकले. पंपाची व टरबाइनाची चक्रे एकाच कवचात समोरासमोर ठेवून त्यांनी प्रवाहाचा मार्ग शक्य तेवढा आखूड केला. या रचनेचे जर्मन एकस्व (पेटंट) १९०५ सालचे आहे. परिवर्तक व युग्मक या दोहोंचे मूळ त्यात सापडते. पुढे फ्यॉटिंगर १९०९ मध्ये डॅन्झिग येथे व १९२४ मध्ये बर्लिन येथे प्राध्यापक झाले.

या परिवर्तकांची कार्यक्षमता सु. ८५ ते ९० टक्के होती. ते काही जर्मन जहाजांवर बसविण्यात आले. १९१३ मध्ये बांधलेले ‘कोनिगिन लुईझ’ हे प्रवासी जहाज त्यांपैकी एक होय. पहिल्या महायुद्धाच्या आरंभी त्याचे सुरुंग पेरणाऱ्या जहाजात रूपांतर करण्यात आले आणि ५ ऑगस्ट १९१४ रोजी ते बुडविले गेले. तोवर परिवर्तकाचे जहाजावरील भवितव्यही जवळजवळ ठरून गेले होते. पार्सन्झ यांनी ‘व्हेस्पेशियन’ या जुन्या मालवाहू जहाजावर १९१० च्या सुमारास टरबाइन व पंखा यांच्यामध्ये दंतचक्रे बसवून चाचण्या घेतल्या होत्या. काटेकोरपणे कापलेल्या दंतचक्रांत शक्तीचा अपव्यय दोन टक्क्यांच्या आसपासच होतो, हे लवकरच स्पष्ट झाले. दिवसरात्र एकाच वेगाने चालणाऱ्या जहाजात प्रत्येक टक्का म्हणजे कोळशाच्या कोठीतील टनावारी कोळसा असतो. त्यामुळे ज्या कामासाठी परिवर्तकाचा शोध लागला त्या कामात तो दंतचक्रांपुढे टिकला नाही.

जहाजावरून रस्त्यावर : जहाजावर जो दोष ठरला तो रस्त्यावर गुण ठरला. शहरातील बस दिवसातून शेकडो वेळा थांबते व निघते. प्रत्येक वेळी चालकाला पायाने क्लच दाबून हाताने दंतचक्रे बदलावी लागत. जुन्या दंतचक्रपेट्यांत दोन्ही चक्रांचे वेग अंदाजाने जुळविल्याशिवाय दाते गुंतत नसत. हे कौशल्य सर्वांना साधत नसे आणि ज्यांना साधे तेही दिवसअखेर थकून जात. धक्क्यांनी प्रवाशांना त्रास होई व यंत्रणेचे आयुष्यही कमी होई. अशा वाहनात थोडी शक्ती वाया गेली तरी चालण्यासारखे होते.

प्रथम रस्त्यावर आला तो अधिक साधा द्रवीय युग्मक. ब्रिटिश अभियंते हॅरॉल्ड सिंक्लेअर यांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात त्याचा वाहनांसाठी विकास केला. १९३० मध्ये डेमलर कंपनीने द्रवीय प्रचक्र या नावाने युग्मक आणि डब्ल्यू. जी. विल्सन यांची पूर्वनिवड दंतचक्रपेटी यांची जोडी मोटारगाड्यांत वापरली. पुढे लंडनच्या बसगाड्यांतही ही जोडी रूढ झाली. खऱ्या अर्थाने परिबल वाढविणारा परिवर्तक स्वीडिश अभियंते आल्फ लिसहोल्म (१८९३–१९७३) यांच्या रचनेतून बसगाड्यांत आला. लिसहोल्म-स्मिथ या नावाचा हा परिवर्तक लेलंड कंपनीने १९३३ च्या सुमारास आपल्या ‘गिअरलेस’ बसगाड्यांत बसविला. गाडीने वेग घेतल्यावर चालक परिवर्तकाला वगळून थेट यांत्रिक जोड देऊ शके. तरीही इंधनाचा खर्च वाढत असल्याने या गाड्या सर्वत्र पसरल्या नाहीत.

याच सुमारास जर्मनीत कार्ल्सरूए येथील संशोधकांच्या गटाने एक महत्त्वाची सुधारणा केली. ती ‘ट्रिलोक’ या नावाने ओळखली जाते. टरबाइनाचा वेग वाढल्यावर तेल स्थाणुकाच्या पात्यांच्या मागील बाजूवर आदळू लागते आणि अचल स्थाणुक मदत करण्याऐवजी अडथळा ठरतो. ट्रिलोक रचनेत स्थाणुक एकाच दिशेने फिरू शकणाऱ्या क्लचावर बसविला गेला. सुरुवातीस हा क्लच स्थाणुकाला अचल धरून ठेवतो, वेग वाढल्यावर तो सुटतो आणि तेलाबरोबर फिरू लागतो. अशा रीतीने एकच साधन कमी वेगात परिवर्तक व अधिक वेगात युग्मक म्हणून काम करते. आजच्या मोटारगाड्यांतील बहुतेक सर्व परिवर्तक याच तत्त्वावर आधारलेले आहेत.

अमेरिकेतील प्रसार : अमेरिकेत जनरल मोटर्स कंपनीने १९४० सालच्या ओल्ड्समोबील गाड्यांसाठी ‘हायड्रामॅटिक’ प्रेषण बाजारात आणले. त्यात द्रवीय युग्मक व ग्रहमाला पद्धतीची चार गतींची दंतचक्रे होती. गती बदलण्याचे काम तेलाच्या दाबावर चालणाऱ्या झडपा करीत. दुसऱ्या महायुद्धात हे प्रेषण हलक्या रणगाड्यांत वापरले गेले. एम-१८ सारख्या रणगाडाविरोधी वाहनांत तर परिबल परिवर्तक असलेले प्रेषण होते. युद्धभूमीवरील जड वाहनांत हाती आलेला अनुभव युद्धानंतर प्रवासी गाड्यांच्या उपयोगी पडला.

१९४८ मध्ये ब्यूइक रोडमास्टर या गाडीत ‘डायनाफ्लो’ प्रेषण आले. त्याच्या विकासात ऑलिव्हर केली या अभियंत्यांचा मोठा वाटा होता. सर्वसाधारण प्रवासात डायनाफ्लो गती बदलतच नसे. परिबल वाढविण्याचा सर्व भार परिवर्तकावर टाकलेला होता. त्यामुळे गाडी कमालीची मऊ चाले. पण ती वेग घेण्यास मंद व इंधनाच्या बाबतीत खर्चिक होती. १९४९ मध्ये पॅकार्ड कंपनीच्या ‘अल्ट्रामॅटिक’ प्रेषणाने यावर उपाय सुचविला. गाडी वेगात आल्यावर परिवर्तकाच्या आतील क्लच पंप व टरबाइन यांना घट्ट जोडून टाकी आणि घसर नाहीशी होई. हा बंदी क्लच म्हणजे पुढे सर्वत्र आलेल्या ‘लॉक-अप’ योजनेचे आरंभीचे रूप होय. परंतु त्या काळी अमेरिकेत पेट्रोल स्वस्त होते. वाढीव खर्च सोसून हा क्लच ठेवण्याची निकड कारखान्यांना वाटली नाही आणि ही योजना मागे पडली.

पुढील काळात परिवर्तकावरील भार कमी करून दंतचक्रांवरील भार वाढविण्याकडे कल झाला. क्राइस्लर कंपनीच्या १९५६ मध्ये आलेल्या ‘टॉर्कफ्लाइट’ प्रेषणात तीन घटकांचा साधा परिवर्तक व तीन गतींची ग्रहमाला दंतचक्रे होती. खुद्द जनरल मोटर्सनेही १९६४ मध्ये ‘टर्बो-हायड्रामॅटिक’मध्ये जुना युग्मक सोडून परिवर्तक स्वीकारला. त्यानंतर दीर्घकाळ हीच रचना प्रमाण मानली गेली.

१९७३ मधील खनिज तेलाच्या संकटाने परिस्थिती पालटली. अमेरिकेत १९७५ मध्ये झालेल्या कायद्याने मोटारगाड्यांच्या इंधन-बचतीची मानके ठरविली व ती १९७८ सालच्या गाड्यांपासून लागू झाली. त्याच वर्षी क्राइस्लरने टॉर्कफ्लाइटमध्ये बंदी क्लच आणला आणि इतर कारखान्यांनी तो मार्ग अनुसरला. ज्या अपव्ययामुळे परिवर्तक जहाजावरून हद्दपार झाला होता, त्याचाच हिशेब साठ-सत्तर वर्षांनी रस्त्यावरही द्यावा लागला. मात्र या वेळी परिवर्तक हद्दपार झाला नाही. गाडी निघताना त्याने काम करावे व नंतर बाजूस व्हावे, अशी विभागणी झाली.

बसवणी : आरंभीचे अनेक परिवर्तक बोल्टांनी जोडलेले असल्याने उघडता येत. पुढे कवचाचे दोन्ही भाग वितळजोडाने कायमचे सांधण्यात येऊ लागले. उत्पादन स्वस्त व गळतीमुक्त झाले. परंतु सामान्य कारागिराच्या हातून दुरुस्तीचे काम गेले. बिघडलेला परिवर्तक बदलावा लागतो किंवा खास कर्मशाळेत लेथवर कापून, दुरुस्त करून, पुन्हा सांधून व समतोल साधून घ्यावा लागतो. सामान्य कर्मशाळेकडे उरली ती बसवणी. ही कृती दिसण्यास सोपी, परंतु चुकीस क्षमा न करणारी आहे.

याचे कारण रचनेतच आहे. परिवर्तकाचा पोकळ तुंबा दंतचक्रपेटीतील तेलपंपही फिरवितो. पेटीतील सर्व क्लच व झडपा या पंपाच्या दाबावर अवलंबून असतात. म्हणून परिवर्तक पेटीवर सरकविताना तीन ठिकाणी गुंतणे आवश्यक असते : टरबाइनाच्या खाचा आदान दंडावर, स्थाणुकाच्या खाचा स्थिर आधारनळीवर आणि तुंब्याच्या खोबणी तेलपंपाच्या दात्यांवर. पहिल्या दोन ठिकाणी गुंतून तिसऱ्या ठिकाणी अडलेला परिवर्तक वरवर पाहता बसलेला वाटतो. तशा स्थितीत पेटी एंजिनाला लावून बोल्ट आवळले, तर सगळा जोर तेलपंपावर येऊन तो तडकतो. कधी एंजिन प्रथम सुरू होताच हे लक्षात येते, तर कधी काही दिवसांनी.

योग्य पद्धत पुढीलप्रमाणे आहे. जुनी पेटी झिजून निकामी झाली असेल, तर तेल थंड करणारा शीतक व त्याचे नळ प्रथम धुऊन घ्यावे लागतात. कारण त्यांत साचलेला धातूचा कीस नव्या परिवर्तकाचाही नाश करतो. एंजिनाच्या भुजादंडावरील लवचिक तबकडीला तडे गेलेले नाहीत व भुजादंडाच्या टोकावरील खोबण स्वच्छ आहे, हे पाहिले जाते. परिवर्तक कोरडा फिरू नये म्हणून त्यात निर्मात्याने सांगितलेले तेल, बहुधा एक लिटरच्या आसपास, आधी ओततात आणि तुंब्यावर व तेलरोधक कड्यावर तेलाचा हात फिरवितात. नंतर परिवर्तक सरळ धरून, हलकेच फिरवीत व दाबत पेटीवर सरकवितात. प्रत्येक ठिकाणी गुंतताना तो थोडा आत उतरल्याचे हाताला जाणवते. शेवटी पेटीच्या घंटाकृती कवचाच्या कडेवर पट्टी ठेवून परिवर्तक किती आत आहे ते मोजतात व पुस्तिकेतील मापाशी ताडून पाहतात.

पेटी एंजिनाला लावताना दोन्ही कवचांच्या कडा हातानेच मिळाल्या पाहिजेत. बोल्ट आवळून त्या ओढून आणू नयेत. कडा मिळाल्यानंतरही परिवर्तक मोकळेपणाने फिरला पाहिजे आणि तो व लवचिक तबकडी यांच्यात काही मिलिमीटर फट राहिली पाहिजे. फट नसणे ही परिवर्तक पूर्ण न बसल्याची खूण होय. त्यानंतरच परिवर्तक पुढे ओढून तबकडीस बोल्टांनी जोडतात. हे बोल्ट ठरीव लांबीचेच हवेत. लांब बोल्ट कवचाचा पत्रा आतून फुगवतो आणि बंदी क्लच ज्या पृष्ठावर टेकतो ते पृष्ठ बिघडते. सरतेशेवटी तेल भरून, एंजिन चालू करून, तेलाची पातळी पुस्तिकेत दिलेल्या रीतीने पुन्हा तपासतात. या सर्व कृतीत महाग हत्यारांपेक्षा हाताला होणारी जाणीव व मोजण्याची शिस्त अधिक मोलाची ठरते.

रेल्वे व भारत : डीझेल रेल्वे एंजिनांतही परिवर्तक वापरला गेला. जर्मनीतील हायडेनहाइम येथील फॉइट कंपनीने एकाहून अधिक परिवर्तक आळीपाळीने तेलाने भरण्याची व रिकामे करण्याची पद्धत रूढ केली. पश्चिम जर्मनीची व्ही २०० ही एंजिने (१९५३) द्रवीय प्रेषणाची होती. ब्रिटनच्या पश्चिम विभागानेही अशी एंजिने घेतली, पण १९७७ पर्यंत ती मुख्य मार्गांवरून काढून घेण्यात आली. मोठ्या शक्तीच्या एंजिनांत विद्युत् प्रेषणच सामान्यतः वरचढ ठरले.

भारतात या क्षेत्रात स्वतंत्र कार्य झाले. रेल्वेतील अभियंते एम. एम. सुरी यांनी कमी वेगात परिवर्तक व अधिक वेगात थेट यांत्रिक जोड वापरणारे ‘सुरी प्रेषण’ तयार केले. त्यांना १९६२ चे शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक मिळाले. चित्तरंजन येथे बांधलेल्या डब्ल्यूडीएस-४ जातीच्या, डबे हलविणाऱ्या एंजिनांत हे प्रेषण होते. पुण्याच्या किर्लोस्कर न्यूमॅटिक कंपनीनेही रेल्वेसाठी द्रवीय प्रेषणे बनविली. माती उपसणारी यंत्रे, भार उचलणाऱ्या गाड्या इत्यादींतही परिवर्तकाचा उपयोग होतो.

प्रवासी मोटारगाड्यांत मात्र भारतात स्वयंचलित प्रेषण दीर्घकाळ दुर्मिळ राहिले. किंमत व इंधनाचा खर्च ही त्याची प्रमुख कारणे होत. २०१४ मध्ये मारुती सेलेरिओ या गाडीत नेहमीच्याच क्लचाला व दंतचक्रपेटीला यंत्राकरवी चालविणारी स्वस्त योजना आली. तीमुळे स्वयंचलित गाड्या मध्यमवर्गाच्या आवाक्यात आल्या. परंतु गती बदलताना तिच्यात जाणवणारा झटका परिवर्तकात जाणवत नाही. आठ वा अधिक गतींच्या आधुनिक पेट्यांत बंदी क्लच गाडी निघाल्यानंतर लवकरच जोडला जातो आणि परिवर्तकाचे काम काही क्षणांपुरते उरते. विद्युत् मोटारगाडीतील चलित्र उभ्या स्थितीतूनच पूर्ण परिबल देत असल्याने तीत सामान्यतः परिवर्तकाची गरजच पडत नाही. तथापि अंतर्ज्वलन एंजिनाला मंद वेगात पुरेसे परिबल देता येत नाही, ही मूळ अडचण जोवर आहे, तोवर गाडी निघण्याच्या त्या काही क्षणांसाठी त्याचे स्थान टिकून राहील.